धडा एकोणिसावा

६ फेब्रुवारी

टिचके,

आशीर्वाद लिहिण्याचा हक्क सध्या माझ्याकडे आहे की नाही ठाऊक नाही, म्हणून मायना सोडून देतो आणि कामाचं बोलतो. पत्ता तुझ्या आईच्या वहीतून उतरवून घेतला. विचारून घेतला, चोरून नाही. ती म्हणाली, "सहा वर्षांनी सुचलं होय?" मी म्हटलं, सुचलं. त्यावर तिने वहीसोबत पेनही आणून दिलं आणि दार ओढून घेतलं. मी मधेच उठून पळेन असं तिला वाटत असावं.

सहा वर्षं तू दर रविवारी आईला फोन करतेस आणि सहा वर्षं मी त्या वेळी शेजारच्या खोलीत कशाला ना कशाला तेल घालत बसतो. घरातली एकही बिजागरी आता कुरकुरत नाही. आई म्हणते, या घरात चोर शिरला तरी कळायचं नाही.

बातमी एकच आहे. मी संगीत ऐकायला शिकतोय. हसू नकोस. म्हणजे हस हवं तर, मला कुठे इथून ऐकू येणार आहे.

कारखान्यातून निवृत्त होऊन आठ महिने झाले. छत्तीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात पंखे आणि कॉम्प्रेसर सांभाळलेला माणूस घरात रिकामा बसला की काय होतं ते आईला विचार. तिने मिक्सर लपवून ठेवलाय, मी तो उघडून बसेन या भीतीने. शेवटी तिनेच मला कोपऱ्यावरच्या ग्रंथालयात हाकललं. तिथे खिडकीशेजारी एक कॉम्प्युटर आहे आणि त्यात एक प्रोग्रॅम आहे, ज्याचं त्याने संगीत ऐकायला शिकावं यासाठी. एकूण चोवीस धडे. कानाला हेडफोन लावायचे. पडद्यावर प्रत्येक वाद्याची एक रंगीत पट्टी सरकत असते. वाद्य जोरात वाजलं की पट्टी जाड होते, हळू वाजलं की बारीक, गप्प झालं की नाहीशी. हवं तिथे थांबवा, हवं तितक्यांदा मागे न्या, कंटाळत नाही. आणि मधेमधे प्रश्न विचारतो.

पहिल्याच धड्यात विचारलं, तुम्हाला काय काय ऐकू आलं? मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं. सुरुवातीला एक खुर्ची करकरली. थोड्या वेळाने कुणीतरी कागद उलटला. डाव्या अंगाला हवेच्या यंत्राची बारीक घरघर सतत चालू होती. समोर चार पर्याय आले, त्यात यातलं एकही नाही. दहापैकी एक मार्क मिळाला, आणि तोही अंदाजपंचे.

पण मला एकोणिसाव्या धड्यापर्यंत पोचायचंय. धड्यांच्या यादीत एकोणिसाव्यापुढे ज्या रचनेचं नाव छापलंय, तेच नाव माझ्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या एका कागदावर आहे. तुमच्या सहा वर्षांपूर्वीच्या त्या कार्यक्रमाचा कागद. मी तो फेकला असेन असं तुला वाटत असेल. नाही फेकला.

ग्रंथपाल बाईंना विचारलं, थेट एकोणिसावा लावता येईल का? त्या म्हणाल्या, "येईल की. पण तुम्ही मशीनचं पुस्तक मधूनच वाचता का?" बाईंनी बरोबर दुखरी नस पकडली. पहिल्यापासून सुरू केलंय.

बाबा


१९ फेब्रुवारी

टिचके,

तुझं उत्तर आलं नाही. यायला हवं असं काही नाही. मी आपला अहवाल देत राहतो, फिटरची सवय.

सातवा धडा झाला. त्यात एक धून ओळखीची करून देतात आणि मग सांगतात, ही पुन्हा आली की बटण दाबा. सोपं वाटतं. पण ती येते ती वेश बदलून. कधी संथ, कधी दुसऱ्याच वाद्यात, एकदा तर शेपटाकडून उलटी आली. मी प्रत्येक वेळी ती निघून गेल्यावर बटण दाबलं. माणूस फाटकाबाहेर गेला की मग त्याचं नाव आठवावं, तसं. चौथ्या दिवशी एकदा ती येतानाच दिसली, म्हणजे ऐकू आली, आणि मी इतक्या जोरात बटण दाबलं की शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ दचकले. नंतर ते माझ्याकडे बघून चक्क हसले. उत्तर बरोबर होतं.

या प्रोग्रॅममधली एक गोष्ट मला फार लागली, ती सांगतो. उत्तर चुकलं की एका बाईचा आवाज येतो. ती "चूक" म्हणत नाही. ती म्हणते, "पुन्हा एकदा ऐकून बघूया." दहा वेळा चुकलो तरी दहाही वेळा त्याच आवाजात. पहिल्या आठवड्यात मला त्या बाईचा राग यायचा. मग लक्षात आलं की हे वाक्य मी छत्तीस वर्षांत एकाही शिकाऊ माणसाला म्हटलेलं नाही. तुलाही नाही.

तू नऊ वर्षांची असताना मागच्या खोलीत सराव करायचीस आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचो, "तिसरी तार उतरली!" ती उतरलेलीच असायची, त्यात मी कधी चुकलो नाही. आई म्हणायची, "अहो, बरोबर वाजलं तेही सांगत जा की कधीतरी." मी म्हणायचो, बरोबर चालणाऱ्या मशीनला कुणी काय सांगतं का? तेव्हा मला ते मोठं चतुर उत्तर वाटायचं. आता लिहिताना लाज वाटतेय.

आणि गंमत म्हणजे तुला ऐकायची गोडी लावली ती मीच. चार वर्षांची होतीस. मी कारखान्यातून काढून टाकलेल्या बाटल्या आणायचो आणि तू जमिनीवर ओळीने मांडून एकेकीला टिचकी मारत बसायचीस. ज्या बाटलीला तडा गेलाय ती डोळे मिटून काढून द्यायचीस. माझ्या फोरमनलाही ते जमत नव्हतं. तेव्हापासून तू टिचकी. बाहेर तुला काय नावाने ओळखतात ते मला कागदावर वाचावं लागलं.

आठव्या धड्यात मात्र बिघाड आहे. त्यात पिकोलो म्हणून एक वाद्य येतं, बासरीची धाकटी बहीण. प्रश्न असा की पिकोलो कुठे सुरू होते? पडद्यावर सगळ्यात वर पिवळी पट्टी टुणटुण उड्या मारतेय आणि कानात काहीच नाही. मी ग्रंथपाल बाईंकडे तक्रार केली. त्यांनी हेडफोन लावले, ऐकलं आणि म्हणाल्या, "येतोय की छान." मी म्हटलं, वायर सैल असेल.

असो. दुसरे हेडफोन मागितलेत.

बाबा


८ मार्च

टिचके,

हेडफोन बदलले. पिकोलो नाही. तिसरे आणले, तरी नाही. मग चौथे मागायला मी गेलो नाही.

सगळं तपासून झाल्यावर उरतो तोच पुर्जा बिघडलेला असतो, हे मी किती जणांना शिकवलंय. कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एका बंद पेटीसारख्या खोलीत बसवलं आणि आवाज आला की हात वर करायला सांगितलं. मी बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसलो होतो. बाहेर आल्यावर त्यांनी कागद दाखवला. डावीकडून रेघ सरळ येते आणि उजवीकडे कड्यावरून घसरल्यासारखी खाली जाते. वरचे बारीक आवाज गेलेत. बाटल्या फुंकणाऱ्या हवेचा शिट्टीसारखा आवाज रोज आठ तास खाल्लाय, त्याने ते खाल्ले. डॉक्टर म्हणाले, हे आजचं नाही, दहा वर्षं तरी चाललं असणार. खालचे आणि मधले आवाज अजून चांगले आहेत. मी विचारलं, आणि ते किती दिवस? त्यावर ते म्हणाले, "हळूहळू तेही कमी होतील. किती वेगाने ते सांगता येत नाही. यंत्र लावू, पण यंत्राचं ऐकणं वेगळं असतं."

आईला हे सांगितलेलं नाही. तेव्हा रविवारी फोनवर तोंड मिटून ठेव. बघ, सहा वर्षांनी तुझ्यामाझ्यात एक गुपित झालं.

आता त्या संध्याकाळचं. तू म्हणशील मी तिथेच होते, मला काय सांगता. पण माझ्या बाजूने मी कधी सांगितलंच नाही. आधी राग होता, मग राग गेला आणि सवय राहिली.

मी तिसऱ्या ओळीत कडेला बसलो होतो. आई आजारी होती म्हणून एकटा. तुम्ही चौघं समोर अर्धगोलात. दोन व्हायोलिन, एक मोठं चेलो आणि मधे तू, व्हायोला घेऊन, व्हायोलिनची जाड आवाजाची थोरली बहीण. माझ्या डोक्यावर डाव्या बाजूला पंख्याची जाळी होती. पहिला भाग ठीक गेला. दुसरा संथ भाग सुरू झाला आणि थोड्या वेळाने मला घरघर ऐकू यायला लागली. खालच्या पट्टीतली, एकसारखी. आणि दर चार-पाच सेकंदांनी जराशी दबायची, पुन्हा उचलायची. आत गोळी झिजली की बेअरिंग असंच बोलतं. मी डोळे मिटूनही सांगितलं असतं.

मला दुसरं काही सुचेना. एवढी सुंदर शांतता, माझी मुलगी समोर वाजवतेय आणि हा पंखा सगळ्याचा विचका करतोय. लोकांना कळत नसेल, पण त्रास तर होत असेल ना? म्हणून मी उठलो. टिचके, तुझ्यासाठी उठलो. पाय वाजू नयेत म्हणून चवड्यांवर चालत दारावरच्या माणसाकडे गेलो आणि त्याच्या कानात सांगितलं, तो पंखा बंद करा, बेअरिंग गेलंय. त्याने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि भिंतीवरचं कसलंतरी बटण दाबलं. घरघर थांबली. मी तसाच चवड्यांवर परत आलो आणि बसलो. फार अभिमान वाटला.

नंतर मागच्या बोळात तू वाद्य पेटीत ठेवत होतीस. लोक तुम्हाला काय काय म्हणत होते. मी पहिलं वाक्य बोललो ते हे: "पंख्याचं बेअरिंग गेलं होतं, मी बंद करवला." तुझा चेहरा बघून मला वाटलं तुला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही माझं काहीच ऐकलं नाहीत." आणि मग मी ते बोललो. तुझ्या तिन्ही सोबत्यांसमोर. "चौघं एकदम वाजवतात, त्यात तुझं वेगळं काय ऐकायचं? तू नसतीस तरी एवढंच वाजलं असतं."

तू पेटीची कडी लावलीस. तो आवाज माझ्याकडे अजून आहे. खालच्या पट्टीतला आहे, जाणार नाही.

मला हिणवल्यासारखं वाटलं म्हणून चिडून बोललो, एवढंच त्यामागे होतं. पण शब्द एकदा तोंडातून सुटला की गेला. मी तो परत घ्यायला सहा वर्षं लावली, आणि अजूनही मला माहीत नाही की तो खोटा होता. म्हणजे मला वाटतं की खोटा होता, बापाला तसं वाटायलाच हवं. पण तुला माझं वाटणं नकोय. तुझ्या बाजूने बोलायचं तर मला कानांनी कळलेलं असलं पाहिजे. म्हणून एकोणिसावा धडा.

सध्या तेराव्यावर आहे. दहापैकी सात.

बाबा


२६ मार्च

टिचके,

आज एकोणिसावा केला. सरळ ग्रंथालयातूनच लिहितोय, बाईंनी कागद दिलाय. अक्षर वेडंवाकडं आलं तर सांभाळून घे.

धड्याच्या सुरुवातीला चार पट्ट्या येतात. दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो. व्हायोलाची पट्टी हिरवी आहे. प्रत्येक पट्टीच्या टोकाला एक बटण आहे. ते दाबलं की तेवढं वाद्य गप्प होतं आणि बाकीचे वाजवत राहतात. पुन्हा दाबलं की परत येतं. असं बटण मला कारखान्यात मिळालं असतं तर मी मॅनेजर झालो असतो. आमच्याकडे घरघर कुठून येते ते शोधायचं तर एकेक पंखा बंद करत जायचं. जो बंद केल्यावर आवाज थांबेल तो आपला चोर.

आधी काही न दाबता ऐकलं. पहिला भाग झाला, दुसरा सुरू झाला आणि थोड्या वेळाने मला घरघर ऐकू आली.

तीच. खालच्या पट्टीतली, एकसारखी, दर चार-पाच सेकंदांनी जरा दबणारी. मी हेडफोन काढून बाईंना हाक मारली आणि म्हटलं, "तुमच्या कॉम्प्युटरचा पंखा जायला आलाय." त्यांनी डब्यावर हात ठेवला, वाकून कान लावला. म्हणाल्या, "काका, हा तर गप्प आहे."

मी परत बसलो. बटणं दाबायला लागलो. पहिलं व्हायोलिन बंद केलं, घरघर चालू. दुसरं बंद केलं, चालू. चेलो बंद केलं, पायाखालची जमीन गेल्यासारखं झालं, पण घरघर चालू. मग ती तिन्ही परत चालू केली आणि हिरव्या पट्टीचं बटण दाबलं.

थांबली.

पुन्हा दाबलं, आली. दाबलं, गेली. मी अकरा वेळा तसं केलं. मोजलं, कारण मला स्वतःवर विश्वास नव्हता. मग धड्यातला मजकूर वाचला. तिथे लिहिलंय की या जागी व्हायोला आपल्या सगळ्यात खालच्या तारेवर एकच सूर खूप वेळ धरून ठेवते आणि बाकीचे तिघं त्या सुरावर उभे राहून बोलतात. गज संपत आला की तो उलटा फिरवावा लागतो, तेवढ्यापुरता सूर किंचित दबतो.

म्हणजे दर चार-पाच सेकंदांनी तो तुझा हात परत फिरत होता.

टिचके, तिथे पंखा नव्हता. म्हणजे जाळी होती, पण तो गप्प होता. वरचे आवाज माझे तेव्हाच गेलेले, व्हायोलिनं मला अर्धीमुर्धीच येत असणार. जे पूर्ण ऐकू येत होतं ते एकच. तू म्हणालीस, तुम्ही माझं काहीच ऐकलं नाहीत. मी दुसरं काही ऐकलंच नव्हतं. सभागृहभर बसलेल्या माणसांत मी एकटा फक्त तुला ऐकत होतो, आणि मला ते बिघाडासारखं वाटलं, कारण मला ऐकायचं म्हणजे तेवढंच ठाऊक होतं.

मग मी आणखी एक केलं. तुझ्याशिवाय ऐकलं. हिरवं बटण बंद ठेवून तो अख्खा संथ भाग ऐकला, बसून, हात मांडीवर ठेवून. सगळं होतं. धून होती, ठेका होता, कुणीही चुकत नव्हतं. पण तिघं एका खोलीत बसून आपापल्याशी बोलत होते. रविवारी तुझा फोन ठेवून झाल्यावर मी आणि तुझी आई जसे बसतो, अगदी तसं.

तेव्हा ते वाक्य खोटं होतं. बाप म्हणून सांगत नाही. काढून बघितलंय, म्हणून सांगतोय.

एकच गोष्ट जुळत नाही. रेकॉर्डिंगमध्ये तो सूर भाग संपेपर्यंत चालू राहतो. त्या संध्याकाळी मात्र मी दारावरच्या माणसाला सांगितलं आणि तो थांबला. त्याने दाबलं ते बटण बोळातल्या दिव्याचं असणार, पंखा तर बंदच होता. मग काय थांबलं? तुम्ही तो भाग छोटा केला होता का? की माझी आठवणच झिजली? प्रोग्रॅममधल्या बाईच्या आवाजात स्वतःला म्हटलं, पुन्हा एकदा ऐकून बघूया. पण ती संध्याकाळ मागे नेता येत नाही.

दहापैकी मार्क बघितले नाहीत.

बाबा


२९ मार्च

टिचके,

हे पत्र छोटं आहे आणि यात मागणं आहे.

आईला कानांचं सांगितलं. ती म्हणाली, "दोन वर्षं झाली, बेल वाजली की दार मीच उघडतेय. तुम्हाला काय वाटलं, हौस म्हणून?" म्हणजे आपलं गुपित गुपित नव्हतंच. तिला सगळं माहीत असतं, ती फक्त आपली वेळ येईपर्यंत थांबते. तिनेच मग सांगितलं की वीस एप्रिलला तुम्ही चौघं तुझ्या गावी तीच रचना पुन्हा वाजवणार आहात.

मला यायचंय. आईला घेऊन येईन, गाडीचा प्रवास झेपेल. दाराजवळची खुर्ची देऊ नकोस. ओळीच्या अगदी मधली दे, दोन्ही बाजूंना माणसं, उठायचं म्हटलं तरी उठता येणार नाही अशी.

कानांचं लिहिलं म्हणून हो म्हणू नकोस. मला दया नकोय. पण खोटंही बोलणार नाही: पुढच्या वर्षी ये म्हणालीस तर मी येईन, मात्र तेव्हा काय ऐकू येईल ते डॉक्टरांनाही माहीत नाही. तुझी खालची तार आज मला स्वच्छ ऐकू येते. ती एकदा, समोर बसून, ती तू आहेस हे माहीत असताना ऐकायची आहे.

नाही म्हणालीस तरी मी उरलेले पाच धडे करेन. तुझ्यावर उपकार म्हणून नाही. मला आता आवडायला लागलंय.

चुकलं माझं. हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

बाबा


८ एप्रिल

बाबा,

तुमची पाचही पत्रं एकावर एक ठेवली आहेत. एकही मी उघडलं नव्हतं. आईने परवा रविवारी फोनवर एवढंच विचारलं, "टिचके, तुला तडा ओळखता येतो ना गं अजून?" आणि फोन ठेवला. तिने असा मधेच फोन कधी ठेवलेला नाही. मग बसून पाचही ओळीने वाचली.

तुमची आठवण झिजलेली नाही. आम्ही तो भाग छोटा केला नव्हता.

तो लांब सूर धरलेला असताना मला तुम्ही उठताना दिसलात. मला वाटलं तुम्ही निघालात. कंटाळून, माझ्या कार्यक्रमातून. तुम्ही दाराशी पोचलात आणि माझा गज तारेवरून उचलला गेला. मी ठरवून थांबले नाही, हातच थांबला. दहा-बारा मात्रा मी नुसती बसून होते, गज तारेवर अधांतरी धरून. तिघं पुढे वाजवत राहिले, त्यांना वाजवावंच लागतं. मग तुम्ही परत येऊन बसलात आणि मी पुढच्या जागी त्यांना कसंबसं गाठलं.

कार्यक्रम संपल्यावर मी वाट बघत होते की कुणीतरी विचारेल, काय झालं होतं तुला? कुणीही विचारलं नाही. माझ्या गुरूंनी पाठ थोपटली. पुढच्या ओळीतले लोक म्हणाले, फार सुंदर झालं. चेलोवाल्यालाही वाटलं, मी फक्त हळू वाजवतेय. मी नव्हते आणि कुणाला कळलंही नव्हतं. आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही आलात आणि म्हणालात, तू नसतीस तरी एवढंच वाजलं असतं. मला वाटलं, यांना तरी खरं दिसलं. म्हणून मी चिडले नव्हते, बाबा. मी ते खरं मानून घेतलं होतं. सहा वर्षं प्रत्येक कार्यक्रमात मी तो सूर धरला की मनात म्हणायची, हा नसला तरी चालतं.

त्यात तुमचं चौथं पत्र वाचलं आणि मग तिसरं पुन्हा काढलं. "घरघर थांबली", असं तुम्ही लिहिलंय. मी त्या वाक्याशी किती वेळ बसले ते सांगत नाही. त्या अख्ख्या सभागृहात माझं वाजणं थांबलेलं एकाच माणसाला कळलं होतं. तो चवड्यांवर उभा राहून दारावरच्या माणसाला पंखा बंद करायला सांगत होता.

वीस तारखेला या. दोन्ही तिकिटं सोबत ठेवली आहेत. ओळीच्या मधली आहेत, पण उठावंसं वाटलं तर खुशाल उठा. आता मी थांबणार नाही.

आमच्या सभागृहातला पंखा मात्र खरोखर घरघरतो. दोन वर्षं आम्ही सगळे तक्रार करतोय, कुणी दाद देत नाही. येताना तुमचा तो लांब स्क्रूड्रायव्हर आणा. कार्यक्रम झाला की शिडी मी धरते.

टिचकी